हसून बाद होणारा जनार्दन

हसल्यामुळे बाद झालेला कबड्डीपटू मी आयुष्यात एकच पाहिला. त्याला बाद देणारा पंच मीच होतो.

त्याचे नाव जनार्दन घरत. पेणच्या खाडीकडच्या एका गावचा. नव्वदच्या दशकाच्या आरंभी दोन-तीन मोसम तो माझ्यासमोर खेळला. माझा त्याच्याशी संबंध तेवढाच. त्याच्या जन्मापासूनची हकिगत मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असती तरी मी सांगितली नसती. माणूस कसा होता हे सांगायला तेवढी लागत नाही.

त्या काळी मी रोह्याच्या एका शाळेत गणित शिकवीत असे आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जात असे. पंचाने मैदानावर हसू नये, असे माझे मत होते, अजूनही आहे. हसणाऱ्या पंचाचा निर्णय लोक वाटाघाटीला घेतात. माझे तोंड मैदानाच्या पांढऱ्या फक्कीने आखलेले आहे, असे खेळाडू माझ्या पाठीमागे म्हणत. ते मला ऐकू येत असे. त्यात खोटे काही नसल्याने मी कधी हरकत घेतली नाही.

जनार्दनला मी प्रथम गडब गावी पाहिले. भातकापणी उरकली होती. हमरस्त्यालगतच्या एका शेतातली धसकटे काढून, पाणी मारून, चोपून मैदान केले होते. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर गाड्या उभ्या करून उतरलेले ट्रकवाले. खाडीकडच्या संघातून एक उंच, हडकुळा तरुण चढाईला आला. त्याच्या तळव्यांच्या कडा भेगाळून पांढऱ्या पडल्या होत्या. मिठात वावरणाऱ्याचे पाय लपत नाहीत.

चढाई त्याने सुरेख केली. शरीर हलण्याआधी पाऊल हलत होते, आणि पाऊल कोठे पडणार हे समोरच्या सात जणांपैकी एकालाही कळत नव्हते. एकाला हाताने टिपून तो वळला. मागून एकाने त्याच्या घोट्यावर झेप घेतली. घोटा तेथे नव्हता. झेप घेणारा तोंडावर पडला, त्याच्या तोंडात माती गेली, आणि जनार्दनने मागे वळून ते पाहिले.

तेथेच घोटाळा झाला. "कबड्डी, कबड्डी" चालले होते, ते मध्येच थांबले आणि त्याच्या नाकातून एक बारीक शीळ निघाली. मग पोट हलू लागले. मग वंगण न घातलेल्या रहाटासारखा चढत जाणारा आवाज सुरू झाला आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात, मध्यरेषेपासून दोन पावलांवर, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहून हसू लागला.

मी शिटी वाजवली. उजवा हात वर केला आणि बाहेरची दिशा दाखवली.

तो माझ्याकडे आला. तक्रार नव्हती, चौकशी होती.

"सर, मी कोनाला घावलो नाय."

"दम सुटला."

"कवा?"

"हसलास तेव्हा."

"हसलो म्हनून बाद?"

"कबड्डी म्हणणे थांबले म्हणून बाद. कशाने थांबले ते मी पाहत नाही."

तो विचारात पडला. "मग हसायचं कवा, सर?"

"मध्यरेषा ओलांडल्यावर."

यावर तो पुन्हा हसला; आणि जाता जाता माझ्यासारखाच उजवा हात वर करून स्वतःला बाहेरची दिशा दाखवत गेला. हुबेहूब दाखवली. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या चढाईची खूण केली.

त्या सामन्याला धाटावच्या एका रासायनिक कारखान्याचे मोकल फोरमन आले होते. कारखान्याचा संघ व्यावसायिक गटात खेळत असे आणि मोकल त्याचे प्रशिक्षक. खांद्यावर टॉवेल, आवाज भोंग्यासारखा, मनात येईल ते तोंडावर बोलणारे गृहस्थ. सामना संपल्यावर त्यांनी मला गाठले.

"सर, तो लांब्या कसा वाटला?"

"पाय चांगले आहेत. तोंड वाईट."

"तोंडाचं मी बघतो," मोकल म्हणाले.

अशा रीतीने जनार्दन कारखान्यात लागला. लागला म्हणजे हंगामी. दिवसा जनरल शिफ्टमध्ये गोण्या शिवायच्या, संध्याकाळी मैदान. मोसम संपेपर्यंत उपयोगाचा ठरला तर कायम, नाही तर परत खाडी, असे त्याला कार्मिक विभागाच्या साहेबांनी समोर बसवून सांगितले. ते ऐकून तो साहेबांसमोरही हसला असावा, अशी माझी अटकळ आहे.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हती, हे त्यालाही कळत होते. एकदा सामन्याआधी मांडीवरच्या बुटांच्या नाड्या सोडवत असता तो मला म्हणाला, "सर, आयेला मिठातून भायेर काहारायची हाय. तिचं गुडघं गेलं. कायम झालो तर व्हईल." एवढेच बोलला. मग कंपनीने दिलेले ते कॅनव्हासचे बूट त्याने एकमेकांना बांधले, गळ्यात अडकवले आणि अनवाणी मैदानात गेला. बूट त्याने पायांत घातलेले मी कधी पाहिले नाहीत. पेणहून रोह्याला गाडीने येताना, रोह्याहून धाटावला शिफ्टच्या बसने जाताना, ते त्याच्या गळ्यातच असत. कोणी विचारले तर म्हणे, "कंपनीनं दिलंत, जपाय नको?"

मोकल फोरमननी तोंडाचे बघायला सुरुवात केली. चढाईपूर्वी कडुनिंबाचा पाला चावायला लावला. पाला इतका कडू निघाला की जनार्दनचे तोंड वाकडे झाले, त्या वाकड्या तोंडाकडे पाहून संघ हसला, आणि संघ हसला म्हणून जनार्दन हसला. मग मोकलनी त्याला पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात, ओळखीच्या कारागिराकडे, दोन रविवार नेऊन बसवले. डोळ्यांची आखणी करणारा तो कारागीर श्वाससुद्धा मोजून घेत असे. त्याच्या संगतीत पोराचा चेहरा स्थिर होईल, असा मोकलचा हिशेब. दुसऱ्या रविवारी कारागिराचा निरोप आला, "ह्याला घेऊन जा. माझा हात हलायला लागलाय."

शेवटचा उपाय मी स्वतः ऐकला. नागोठण्याला सामना होता. चढाईला जाण्यापूर्वी मोकलनी त्याला बाजूला घेतले. बाजूला घेतले तरी मोकलचा आवाज मैदानभर ऐकू येत असे.

"गाढवा, आत गेलास की काहीतरी वाईट आठव."

"काय आठवू?"

"तुझं कोण मेलंय?"

"आजा."

"तो आठव. आजा गेला, आजा गेला, असं मनात म्हणत जा. हसू येणार नाही."

जनार्दन आत गेला. चार पावले गेला असेल नसेल, शीळ निघाली आणि रहाट सुरू झाला. या वेळी तर कोणी पडलेही नव्हते. मी त्याला बाद दिला. मोकल टॉवेल आपटत मैदानाच्या कडेला आले.

"आजा मेल्याचं हसतोस? लाज नाही वाटत?"

"फोरमनसाहेब, तुमी माझा आजा बगिटला नाय," जनार्दन डोळे पुसत म्हणाला. त्याच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो; होडके म्हणजे होरके. "उधानाचं पानी बांध फोरून आत आलं, तवा आजा होरक्यात झोपला व्हता. होरकं सुटलं आनी चाललं खारीत. आजा जागा झाला. बांधावर बाया बोंबलतायत. तर हा उठून बसला नि ईचारतो, बायांनो, मुंबैवरनं कोनाला काय आनायचं हाय? त्याला आठवून कोन ररंल?"

मोकल टॉवेलात तोंड घालून पाठमोरे झाले. त्यांचे खांदे हलत होते. मी घड्याळ पाहिले आणि खेळ सुरू करण्याची शिटी दिली.

त्याची आई मी पेणच्या सामन्यात पाहिली. मिठाचा मोसम चालू होता. ती आणि तिच्या सोबतच्या चार-पाच बाया मिठागरातून तशाच आल्या होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय घोट्यांपर्यंत पांढरे. त्या मैदानाच्या कडेला बसल्या आणि पहिल्या क्षणापासून त्यांनी ते मैदान आपले करून टाकले.

"पारू गो, तुझा पोर तो, लांबटांग्या?"

"व्हय. बगू नको, नजर लावशील."

"नजर कशाला लावू? अंगावर मांस कुठं हाय नजर लागाया?"

जनार्दन चढाईला निघाला की आई उभी राही आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे, "दात झाक, जन्या!" ते ऐकून तो हटकून हसे. त्या दिवशी तो दोनदा तसाच बाद झाला. सामना संपल्यावर बाई गुडघ्यावर हात ठेवून, थोडी लंगडत, थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमीच ते शिटीवालं सर?"

"होय."

"माझ्या पोराला हसला म्हनून भायेर काहारतां?"

मी तिला नियम सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. इतक्या शांतपणे तो माझ्याकडून कोणत्याही संघनायकाने ऐकलेला नाही.

"हां," ती म्हणाली. "नेम हाय तर हाय. पन सर, आमी मिठागरात दिसभर हसतो. डोईवर मिठाची टोपली, पायाखाली वीतभर बांध. एक बाय घसरली का टोपलीसकट पान्यात. तिला वर काहारायच्या आदी आमी हसून घेतो, तीबी पान्यात बसून हसते. नायतर दिस सरंल कसा? ररून तितं परवरत नाय. डोलं आदीच चुरचुरतात."

मी म्हणालो, "पाय चांगले आहेत त्याचे."

"बांधावर चालून झालंत," ती म्हणाली, आणि मागे वळून मुलाला ओरडली, "जन्या, सर म्हनतात पाय चांगलं हायेत. तेवरंच हाय तुझ्याकरं, जप!"

मोसम निम्मा सरला. जनार्दन चांगल्या चढाया करी आणि त्यांतल्या बऱ्याच हसून घालवी. साहेबांनी मोकलना विचारले, हा खेळाडू आहे की विदूषक. जनार्दनची खाडीकडे परत पाठवणी होणार, हे संघात सर्वांना दिसू लागले होते. तो स्वतः मात्र गोण्या शिवताना, बसमध्ये, मैदानावर, सर्वत्र पूर्वीसारखाच होता. फक्त सामन्याआधी आता तो माझ्याशी बोलत नसे. बूट गळ्यात घालून एका बाजूला बसे.

जिते गावी सामना होता तेव्हा डाव्या कोपऱ्याला खेळणारा गडी दुसऱ्या शिफ्टमध्ये अडकला. कोपरा म्हणजे बचाव करणाऱ्या साखळीचे टोक. चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा पकडणे हे तिथल्या माणसाचे काम. जनार्दन तोवर बचावाच्या वेळी सर्वांच्या मागे उभा राही. मोकलनी वैतागून जनार्दनला हाक मारली.

"जा, डाव्या कोपऱ्यात उभा राहा. तिथं दम लागत नाही. हस, बोंबल, नाच. फक्त पाय आला तर सोडू नको."

जनार्दन जाऊन उभा राहिला. प्रतिपक्षाचा चढाईपटू आला. कबड्डी म्हणत त्याने डावीकडे लाथ फेकली, ती हवेत गेली, तोल जाऊन तो एका हातावर टेकला आणि सावरला. जनार्दनच्या नाकातून शीळ निघाली. पोट हलले. रहाट सुरू झाला. आता त्याला रोखणारा नियम कोणताही नव्हता, त्यामुळे तो मनसोक्त, मोकळा, चढत्या पट्टीत हसला. चढाईपटूने "कबड्डी, कब..." म्हटले, त्याचे ओठ थरथरले, त्याने दात आवळून पाहिले, आणि मग तो अंगणाच्या मधोमध फुटला. दोघेही समोरासमोर हसत उभे.

मी शिटी वाजवली आणि चढाईपटूला बाद दिले.

क्षणभर कोणालाच काही उमगले नाही. मग दुसऱ्यांदा तसेच झाले. मोकल फोरमन मैदानाच्या कडेला हळूहळू खाली बसले. त्यांना गप्प बसलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

पण केवळ हसण्याने तो टिकला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घोटा पकडण्यात त्याची बरोबरी करणारा मी फारसा पाहिला नाही. पाऊल उचलण्याआधी माणूस भार कोठे टाकतो, हे त्याला आपोआप दिसे. वीतभर बांधावर समोरून येणाऱ्याला वाट देत वाढलेल्याला ते दिसणारच. तो वाकत नसे, झेपावत नसे. पाय यायच्या ठिकाणी त्याचे हात आधीच पोचलेले असत. चढाईपटूंना मात्र त्याच्या हातांपेक्षा हसण्याचे भय वाटू लागले. ते उजव्या बाजूलाच खेळू लागले. डावी बाजू ओस पडली आणि उजवीकडे मोकलचे बाकीचे गडी दबा धरून बसू लागले. संघ जिंकत गेला, आणि अंतिम सामना रोह्याला, नदीकाठच्या मैदानावर ठरला.

समोर शेजारच्याच एका कारखान्याचा संघ होता. त्यांचा मुख्य चढाईपटू विलास मोरे. रुंद खांद्यांचा, झुबकेदार मिशांचा, सहसा न हसणारा. मांडवात कार्मिक विभागाचे साहेब खुर्चीवर बसले होते. मोसमाचा हा शेवटचा सामना होता, आणि जनार्दनचे काय करायचे हे त्यानंतर ठरणार होते. आई बायांसह हजर होती. त्या दिवशी ती एकदाही ओरडली नाही. पदराचा बोळा करून तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

पूर्वार्धात मोरे दोन चढाया करून गेला. जनार्दन दोन्ही वेळा हसला, मोरे ढिम्म राहिला. तिसऱ्या वेळी मोरेची मिशी एका बाजूने उचलली गेली. मग दुसऱ्या बाजूने. मग तो गेलाच. मैदान डोक्यावर घेतले लोकांनी.

मध्यंतराला त्यांचे व्यवस्थापक नियमांचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. बोट एका ओळीवर ठेवलेले.

"सर, चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून दम बंद पाडणं हे नियमबाह्य आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग हा काय करतोय? हातानं दाबलं काय नि हसून दाबलं काय, दम बंदच पडतो ना?"

साहेब खुर्चीत पुढे झुकले. मोकलनी टॉवेल गळ्याभोवती आवळून धरला. हरकत मान्य झाली असती तर जनार्दनचा खेळ त्या क्षणी संपला असता. केवळ त्या सामन्यापुरता नव्हे. तो लांब, फक्कीच्या रेषेवर उभा राहून आमच्याकडे पाहत होता. हसत नव्हता.

मी पुस्तक हातात घेतले, ओळ वाचली आणि परत दिले.

"नियम तोंड बंद करण्याविरुद्ध आहे," मी म्हणालो. "याने ते उघडले आहे. हरकत फेटाळली."

मागून कोणीतरी खुदकले. मी वळून पाहिले तेव्हा सर्वांची तोंडे सरळ होती.

उत्तरार्धात मोरे चढाईला आला तो दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. त्यांच्या व्यवस्थापकांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस काढून दिला होता. नियमात त्याला मनाई नव्हती. मी त्याला खेळू दिले.

पण कान बंद केले की माणसाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, हे त्या संघात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मोरेला वाटत होते की आपण गर्जत आहोत. प्रत्यक्षात त्याचे "कबड्डी, कबड्डी" जपमाळ ओढावी तसे मिशीतल्या मिशीत चालले होते. दम पंचाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे. मी त्याला ताकीद दिली. त्याला ती ऐकू गेली नाही. मी शिटी वाजवली आणि हात वर केला. तीही ऐकू गेली नाही. बचाव करणारे कमरेवर हात ठेवून उभे, त्याचे स्वतःचे सोबती "विलास, अरे विलास" म्हणून ओरडतायत, आणि मोरे एकटाच अंगणात इकडून तिकडे उड्या मारत, उभ्या माणसांना एकेक करून शिवत चाललेला. अखेर जनार्दन त्याच्यासमोर गेला आणि अदबीने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून मग त्याने ते बोट माझ्याकडे वळवले. मोरेने कापूस काढला. सगळे मैदान हसत होते. मांडवातले साहेब रुमालाने चष्मा पुसत होते.

तरीही सामना सोपा झाला नाही. मोरे पुन्हा आत आला तेव्हा चिडलेला होता आणि चिडून चांगला खेळला. शेवटच्या चढाईच्या वेळी गुण समसमान होते. चढाई मोरेचीच. या वेळी त्याने कापूस घातला नाही. जबडा आवळून तो आत आला आणि सरळ डाव्या कोपऱ्याकडे वळला.

सर्वांनी शिळेची वाट पाहिली. शीळ आली नाही.

जनार्दन ओठ मिटून उभा होता. गाल फुगलेले, डोळे पाण्याने भरलेले, मानेच्या शिरा ताठ. पण आवाज नाही. मोरे घोटाळला. तो हसण्याच्या तयारीने आला होता आणि हसणे येत नव्हते. त्याने पाहिले, आणखी थोडे पाहिले, आणि न राहवून पाय पुढे टाकला. जनार्दनचे हात तेथे आधीच होते.

मोरे बलवान होता. घोटा पकडलेल्या जनार्दनला फरफटत त्याने मध्यरेषेकडे ओढ घेतली. जनार्दनच्या छातीखालून माती उडत होती. मोरेने हात लांबवला. बोटे रेषेच्या अलीकडे पडली, आणि त्याचा दम संपला.

मी शिटी वाजवली. हात वर केला.

लोक मैदानात घुसले. मोकल टॉवेल फिरवत धावले. जनार्दनला उचलायला आलेल्यांना त्याने दोन्ही हातांनी बाजूला सारले. तोंड अजून मिटलेलेच. तो उठला, मातीने भरलेल्या अंगाने चालत मध्यरेषेपाशी आला, बांध ओलांडावा तसे पाऊल उचलून पलीकडे टाकले, दुसरेही पाऊल पलीकडे घेतले, माझ्याकडे पाहिले. आणि मग हसला.

ते हसणे किती वेळ चालले ते सांगता येणार नाही. आई आणि बाया त्यात मिसळल्या. मोरेही मिसळला. साहेबांनी मोकलना बोलावून सांगितले, "सोमवारी माझ्याकडे पाठवा ह्याला." मी माझी शिटी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. घरी गेल्यावर पत्नीने विचारले, "आज चेहरा वेगळा दिसतोय. काय झालं?"

ऊन लागले असेल, मी म्हणालो.

त्यानंतर एक-दोन मोसम तो खेळताना दिसला. पुढे मी पंचगिरी थांबवली. गुडघ्यांना ते झेपेना.

त्याला शेवटचे पाहिले ते रोहा स्थानकावर. मी पेणला एका नातेवाइकांकडे निघालो होतो. दुपारची गाडी, डब्यात तुरळक माणसे, मी खिडकीपाशी. पलीकडे फलाटावर जनार्दन दिसला. अंगात कारखान्याचा निळा गणवेश, गळ्यात बूट. डोक्यावर एक गाठोडे. शेजारी त्याची आई. तिच्या पायांत नव्या चपला होत्या. पायांचा पांढरेपणा गेला होता. चपलांची सवय नसल्याने ती प्रत्येक पाऊल जमिनीवर चाचपून टाकत होती, आणि बोलणे मात्र अखंड चालू होते.

"मीठ सोरलं नि ह्या चपला गलयात परल्या. ह्यापरास टोपली बरी व्हती."

"गलयात माझं बूट हायेत. तुझ्या पायांत हायेत चपला, आये."

"गप. सरल चाल. गाठोरं पारशील."

तो सरळ चालला नाही. फलाटाच्या मध्यावरच्या फरशीची एक ओळ धरून, दोन्ही हात पसरून, तो बांधावरून चालावे तसा चालू लागला. डोक्यावर गाठोडे, मागे आई, आणि मधेच त्याने घसरल्याचे सोंग केले. एक पाय हवेत, गाठोडे एका बाजूला, डोळे विस्फारलेले. आई किंचाळली. मग तिला सोंग कळले. तिने चपलेसाठी पायाकडे हात नेला, चप्पल निघेना, आणि ती तशीच वाकलेली, एका पायावर, हसू लागली.

मला कळण्याच्या आत माझ्या नाकातून आवाज निघाला होता. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केले.

गाडी हलली. जनार्दनने खिडकीकडे पाहिले, मला ओळखले, आणि माझे तोंड पाहिले. ताबडतोब तो पाय जुळवून ताठ उभा राहिला. चेहरा त्याने दगडासारखा केला. उजवा हात वर उचलला आणि बाहेरची दिशा दाखवली.

निर्णय बरोबर होता. मी हरकत घेतली नाही.